एका परिचारिकेचा शोध

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता बारावीच्या मराठी युवकभारतीत उपयोजित मराठी या विभागात मुलाखत हा एक घटक आहे, आणि तो शिकवण्याचा जो रूढ शिरस्ता आहे त्याप्रमाणे मुलाखतीची पूर्वतयारी, प्रश्नांचे स्वरूप, आरंभ, मध्य आणि समारोप या गोष्टींची टिपणे वहीत उतरवून घेतली की घटक संपला असे मानण्यात येते. तळवड्याच्या परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठीची अध्यापिका म्हणून रुजू झाल्यापासून हा शिरस्ता मला पुरेसा वाटला नाही. ज्या वर्गातील बहुसंख्य मुलांचे आईवडील लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा या जिल्ह्यांतून पोटासाठी येथे आले, ज्यांच्या घरात यंत्रांची नावे देवादिकांच्या नावांइतक्याच सहजतेने उच्चारली जातात, त्या वर्गाला मुलाखत केवळ फळ्यावरून शिकवावी हे मनाला पटेना. म्हणून मी असा नेम घातला, की चारपाच जणांच्या प्रत्येक गटाने आपल्या परिसरातील एक काम करणारी व्यक्ती निवडावी, तिची रीतसर परवानगी घ्यावी, तिला तिच्या कामाविषयी विचारावे, आणि जे ऐकले ते शुद्ध व नेटक्या मराठीत लिहून आणावे.

तळवडे हे मूळचे इंद्रायणीकाठचे शेतीचे गाव. 1997 मध्ये आसपासच्या गावांबरोबर ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. एका अंगाला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडांतून चालणारे लहान कारखाने दाटले, आणि देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतालच्या ज्या पट्ट्याला येथील आबालवृद्ध रेड झोन म्हणून ओळखतात, त्याची अनिश्चितता रुपीनगरसारख्या वसाहतींच्या माथी कायमची राहिली. कॅनबे नावाची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत विलीन होऊन बराच काळ लोटला. तिच्या नावाचा चौक मात्र अद्याप त्याच नावाने चालतो, आणि सकाळ-संध्याकाळ त्या चौकात नदीपलीकडे निघोजे, म्हाळुंगे आणि चाकणकडे जाणाऱ्या कामगारांच्या बसगाड्या, मालमोटारी आणि दुचाक्या एकमेकींत अडकून उभ्या असतात. या वस्तीत कोणाला भेटायचे झाले तर दिवस कोणता हे विचारून भागत नाही. या आठवड्यात शिफ्ट फर्स्ट आहे, सेकंड आहे की थर्ड, हे आधी विचारावे लागते. मुलाखतीच्या प्रकल्पातील निम्मे श्रम या एका प्रश्नाच्या उत्तरापायी खर्ची पडतात.

बहुतेक गटांनी सोपे मार्ग धरले. कोणी पीएमपीच्या वाहकाला गाठले, कोणी देहूच्या एका कीर्तनकारांना, कोणी आपल्याच काकांना, जे सीएनसी यंत्रावर काम करतात. मुलींच्या एका गटाने परिचारिका निवडली. निवडीचे कारण मी प्रत्येक गटाला लिहून द्यायला सांगते, आणि सामान्यतः त्यात समाजाला उपयोग, आदर्श व्यक्तिमत्त्व अशा ठरावीक शब्दांपलीकडे काही नसते. या गटाच्या कागदावर मात्र एका मुलीने स्वतःच्या अक्षरात वेगळेच लिहिले होते. तिचे वडील प्रेसशॉपमध्ये कामाला. ती लहान असताना एका रात्री त्यांचा हात प्रेसमध्ये सापडला आणि दोन बोटे गेली. दवाखान्यात जी सिस्टर त्यांचा हात धरून बसली होती तिचा चेहरा हिला आठवत नव्हता, पण ती सिस्टर वडिलांशी अखंड बोलत होती एवढे स्वच्छ आठवत होते. ती इतके काय बोलत होती, हे मला एखाद्या सिस्टरला विचारायचे आहे, असे तिने लिहिले होते. मुलाखत घेण्याचे याहून सबळ कारण माझ्या वाचनात आलेले नाही, आणि म्हणून या गटाचा शोध मी माझाही मानला.

परिचारिका शोधणे हे काम वरकरणी सोपे वाटते, कारण या औद्योगिक नगरीत रुग्णालयांची वाण नाही. संत तुकारामनगरातील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय 1989 पासून या नगरीचा भार वाहत आहे. चिंचवडच्या मोहननगरात राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. निगडी, चिखली, त्रिवेणीनगर या भागांत तर दर चार इमारतींआड एखाद्या नर्सिंग होमची पाटी दिसते. परिचारिका सर्वत्र दिसतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे म्हटले म्हणजे अडचणीला आरंभ होतो. त्या ज्या जागी दिसतात ती त्यांच्या कामाची जागा असते, आणि त्या जागी त्यांच्या वेळेवर पहिला हक्क रुग्णाचा असतो.

एका मोठ्या रुग्णालयात आम्ही महाविद्यालयाच्या कागदावर अर्ज दिला. तो आवक नोंदवहीत चढला, त्यावर क्रमांक पडला, तो अधिसेविकांच्या दप्तरातून वरिष्ठांच्या दप्तरात गेला आणि तेथे मुक्कामाला राहिला. या प्रकाराबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही, कारण वॉर्डात मुले वह्या घेऊन हिंडू लागली तर ज्या माणसाच्या अंगावर पुरते वस्त्रही नाही त्याची लाज कोणी राखायची, हा प्रश्न परवानगी देणाऱ्याने विचारात घेतलाच पाहिजे. दुसऱ्या एका खाजगी रुग्णालयात याच्या उलट अनुभव आला. तेथील जनसंपर्क अधिकाऱ्याने मोठ्या अगत्याने परिचारिकेची छापील माहिती आणि छायाचित्र देऊ केले, प्रश्नांची उत्तरेही आपणच लिहून देण्याची तयारी दाखवली. मुलींनी ते नम्रपणे नाकारले, याचा मला आनंद झाला.

मग लहान दवाखाने पाहिले. तेथील मुली वयाने माझ्या विद्यार्थिनींहून चारसहा वर्षांनीच मोठ्या होत्या. कोणी दोन वर्षांचा एएनएमचा अभ्यासक्रम केलेली, कोणी तीन वर्षांचा जीएनएमचा, आणि बहुतेकींची ड्युटी बारा तासांची. त्या बोलायला तयार होत्या, परंतु पहिला प्रश्न विचारताच त्यांची नजर डॉक्टरांच्या केबिनकडे जाई. एकीने उत्तर देण्यापूर्वी हळूच विचारले, ‘‘पगाराचं नाही ना विचारणार?’’ पगाराचे विचारण्याचा मुलींचा विचारही नव्हता; तिच्या प्रश्नानंतर मात्र तो त्यांच्या मनातून जाईना. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली, आणि पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला किमान 20,000 रुपये मिळावेत अशी शिफारस त्या समितीने केली, हे मी त्यांना वर्गात सांगितले. शिफारस आणि अंमल यांच्यामधले अंतर त्या मुलींना समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्यांच्या घरांत कंत्राटी आणि कायम या दोन शब्दांमधले अंतर रोजच मोजले जाते.

या काळात प्रश्नावलीचा मसुदा चालूच होता. त्यातील पहिला प्रश्न फ्लॉरेन्स नाइटिंगेलबद्दल होता, कारण परिचर्येच्या क्षेत्रातील तेवढे एकच नाव मुलींना ठाऊक होते. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेलेल्या आणि मृत्यूची कारणे आकड्यांनी मांडून राज्यकर्त्यांना अस्वच्छतेचा हिशेब विचारणाऱ्या त्या बाईंबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांचा जन्मदिवस, 12 मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो तो यथार्थच होय. परंतु पुण्याच्या परिसरात राहणाऱ्या मुलींना आपल्या मातीतली परंपरा माहीत नसावी हे मला खटकले, म्हणून एक तास मी तिच्यासाठी दिला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आपले पुत्र डॉक्टर यशवंत यांच्यासह हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला, मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्या तेथवर आल्या, आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचे देहावसान झाले, ही हकीकत सावित्रीबाईंना केवळ शिक्षिका म्हणून ओळखणाऱ्या त्या वर्गाला नवी होती. त्यानंतर मी रमाबाई रानड्यांकडे वळले. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि पुढे त्या संस्थेच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा परक्या पुरुषाच्या देहाला हात लावावा लागणारे काम कुलीन घरातल्या स्त्रीने करावे ही कल्पनाच समाजाला सोसत नव्हती; विधवांना आणि गरजू स्त्रियांना या कामात सन्मानाने उभे करण्यासाठी रमाबाईंना लोकमताशी दीर्घकाळ झगडावे लागले. शेवटी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीचे कामा रुग्णालय. हल्लेखोर इमारतीत शिरले असताना परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातील 20 गर्भवती स्त्रियांना सुरक्षित खोलीत हलवले, आणि त्याच गोंधळात एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला प्रसूतिगृहापर्यंत नेले. 2022 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ही साक्ष स्वतःच्या मुखाने दिली.

तास संपल्यावर प्रेसशॉपवाल्यांची ती मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, पण ह्या सगळ्या गोष्टी मोठ्या संकटाच्या आहेत. रोजचं काय असतं ते कोणी सांगत नाही.’’ तिचे म्हणणे सत्य होते. परिचारिकेचा उल्लेख इतिहासात येतो तो साथ, युद्ध किंवा हल्ला यांच्या निमित्ताने. ज्या दिवशी काहीही विपरीत घडले नाही, आणि जो दिवस तसा निभावला याचे श्रेय तिच्या दक्षतेकडे जाते, त्या दिवसाची हकीकत तिच्याकडे कोणी मागत नाही.

रुग्णालयांतून वाट निघेना तेव्हा शोधाने निराळी दिशा घेतली. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 45 व्या कलमात अशी तरतूद केलेली होती, की दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची निदान एक पेटी असावी, आणि जेथे सामान्यतः पाचशेहून अधिक कामगार काम करतात तेथे वैद्यकीय व परिचर्या कर्मचाऱ्यांसह एक स्वतंत्र उपचारकक्ष असावा. ही तरतूद मी वर्गात वाचून दाखवली आणि मुलांना सांगितले, की आज घरी जाऊन एवढेच विचारा, तुमच्या कंपनीत सिस्टर आहे का? दुसऱ्या दिवशी जी उत्तरे आली त्यांनी तळवडे आणि चाकण यांमधील नदीला एक नवा अर्थ दिला. नदीपलीकडच्या मोठ्या वाहन कंपन्यांतून काम करणाऱ्यांनी सांगितले, की आहे, तिन्ही शिफ्टला कोणी ना कोणी असते, रुग्णवाहिकाही असते. नदीअलीकडच्या वर्कशॉपवाल्यांनी सांगितले, की पेटी आहे, किल्ली सुपरवायझरकडे असते. दहा, वीस, चाळीस माणसांच्या त्या शेडांना पाचशेचा आकडा कधीच लागू होणार नव्हता. 8 डिसेंबर 2023 रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका जागेला आग लागून तेथे काम करणाऱ्या स्त्रिया होरपळल्या आणि त्यांपैकी अनेक जणी दगावल्या, तो दिवस माझ्या वर्गाच्या स्मरणात आहे; ज्यांच्या आया तशाच लहान जागांतून पॅकिंगचे काम करतात ती मुले त्या चर्चेत एक अक्षर बोलली नाहीत.

अखेर एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आपल्या कंपनीतील सिस्टरकडे आमचा निरोप पोचवला, आणि त्यांनी काही अटींवर होकार दिला. कंपनीचे नाव यायचे नाही, त्यांचे स्वतःचे नाव यायचे नाही, ध्वनिमुद्रण आणि छायाचित्र नाही, प्रश्न आधी लिहून पाठवायचे, आणि लिहिलेला मजकूर त्यांना दाखवल्याखेरीज कोणाच्या हाती द्यायचा नाही. मुलींना या अटी जाचक वाटल्या. मी त्यांना म्हटले, की आपल्या शब्दांची इतकी काळजी घेणारी व्यक्ती मिळाली हे तुमचे भाग्य समजा, आणि प्रश्नावलीला नव्याने हात घाला.

प्रश्नावली हाच या साऱ्या उद्योगाचा गाभा होता. आपणांस या क्षेत्रात येण्याची प्रेरणा कोठून मिळाली, आपला अविस्मरणीय प्रसंग कोणता, तरुण पिढीला आपण काय संदेश द्याल, असे प्रश्न मुले विचारतात, कारण वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून त्यांनी तेच ऐकलेले असते. आणि या प्रश्नांना तशीच घडीव उत्तरे येतात, कारण उत्तर देणाऱ्यानेही तीच ऐकलेली असतात. माझ्या अनुभवाने मला असे शिकवले आहे, की काम करणाऱ्या माणसाला त्याच्या भावना विचारल्या तर तो संकोचतो किंवा सभेत बोलल्यासारखे बोलतो, आणि त्याच्या हातांनी काय केले हे विचारले तर तो मनापासून सांगू लागतो, व त्या सांगण्यात भावना न मागता येतात. म्हणून मी मुलींना सांगितले, की प्रत्येक प्रश्नात एक जागा, एक वेळ किंवा एक वस्तू असली पाहिजे. त्यांनी पुष्कळ खाडाखोड केली. नव्या यादीतील पहिला प्रश्न असा होता: ‘‘काल ड्युटीवर गेल्यावर तुम्ही सगळ्यात आधी कशाला हात लावला?’’

फर्स्ट शिफ्ट करून त्या घरी आल्या त्या दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. दोन खोल्यांचे स्वच्छ घर. सासूबाईंनी आमच्यापुढे चहा ठेवला आणि त्या स्वतःही भिंतीला टेकून ऐकायला बसल्या. सिस्टर मराठवाड्यातल्या, जीएनएम झालेल्या. आधी काही वर्षे रुग्णालयात अतिदक्षता विभागात काढून मग कारखान्याकडे वळलेल्या. पहिला प्रश्न ऐकून त्या क्षणभर थांबल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘ऑक्सिजनच्या सिलिंडरला. आधीची सिस्टर सांगते, भरलेला आहे. तिच्यावर माझा विश्वास आहे, तरी काटा मी स्वतः बघते. तिनंही तेच करावं असं मला वाटतं.’’ त्यानंतर त्या न थांबता सांगत गेल्या. आपत्कालीन ट्रेमधील औषधांच्या मुदतीच्या तारखा, स्ट्रेचरची चाके, डोळे धुण्याच्या नळाला पाणी येते की नाही, रुग्णवाहिकेचा चालक जागेवर आहे की जेवायला गेला. ही सगळी तपासणी पहिला माणूस दारात येण्याच्या आत व्हायला हवी, कारण तो केव्हा येईल याचे वेळापत्रक कोणाजवळ नसते.

मग त्यांनी जखमांचे वर्णन केले, आणि त्या वर्णनात भयंकराचा लवलेश नव्हता, केवळ क्रम होता. ग्राइंडिंगची कणी डोळ्यात गेली तर माणूस पहिल्यांदा डोळा चोळतो, म्हणून त्याचे हात धरायचे. रसायन उडाले तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, आणि दोन मिनिटांत ‘बरं वाटतंय’ म्हणून उठू पाहणाऱ्याला उठू द्यायचे नाही. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट लावून आलेला कामगार त्यांना आजही भेटतो. तुटलेले बोट सापडले तर ते निर्जंतुक ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचे नाही, कारण त्याने पेशी मरतात आणि जोडण्याची आशा संपते. ‘‘बोट घाईघाईनं बर्फात बुडवून घेऊन येतात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माया असते त्यामागं, माहिती नसते.’’

या ठिकाणी त्या मुलीने आपला प्रश्न विचारला. यादीत तो शेवटचा होता; तिने तो मध्येच विचारला आणि तिच्या वडिलांचा उल्लेखही केला नाही. हात सापडलेल्या माणसाशी सिस्टर सारखी बोलत असते, ती काय बोलते? सिस्टर म्हणाल्या, ‘‘गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, लेकरू कितवीला आहे, असंच. तो उत्तर देतो तोवर शुद्धीवर आहे हे मला कळतं. उत्तर अडखळायला लागलं, त्याला घाम सुटला, रंग उतरला, की मी समजते रक्तदाब खाली चाललाय. आणि बोलता बोलता तो हाताकडं बघत नाही. एकदा बघितलं की माणूस खचतो.’’ थोडे थांबून त्यांनी पुढे सांगितले, ‘‘लेकरांची नावं मात्र माझ्या लक्षात राहतात.’’ ती मुलगी खाली मान घालून लिहीत होती. मी तिच्याकडे पाहण्याचे टाळले.

माझ्या दृष्टीने या भेटीतील सर्वाधिक मोलाचा भाग पुढेच होता, आणि तो आला नोंदवहीच्या निमित्ताने. उपचार झाल्यावर प्रत्येक घटना अपघात नोंदवहीत लिहिली जाते: नाव, खाते, यंत्र, घटनेची वेळ, कक्षात आणल्याची वेळ, काय दिसले, काय केले, कोठे पाठवले, सही. 1948 च्या त्याच अधिनियमात असा नियम होता, की अपघातामुळे कामगार 48 तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने शासनाकडे त्याची सूचना द्यावी. आणि कामगार विमा योजनेखाली अपंगत्वाचा लाभ मिळवायचा तर अपघात कामावर असतानाच झाला हे प्रथम सिद्ध व्हावे लागते. परिचारिकेने घाईच्या वेळी लिहिलेल्या त्या दोन ओळी वर्षानुवर्षांनंतर एखाद्या कुटुंबाचा दावा उभा करतात किंवा आडवा पाडतात. कारखान्याच्या दारातील फलकावर अपघाताविना किती दिवस गेले याचा आकडा रोज वाढत असतो, आणि तो आपल्यामुळे शून्यावर येऊ नये म्हणून लहानशी जखम लपवणारे कामगारही असतात. त्यांना चार शब्द सांगून जखम नोंदवायला लावणे हा सिस्टरांच्या कामाचा असा भाग आहे, जो कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेला नाही. ‘‘मी लिहिते ते कंपनीसाठी नाही, कामगारासाठी पण नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जे झालं ते लिहिते. साडेतीनला आणलं तर साडेतीन. त्याची चूक होती की मशिनची, हे मी बघितलेलं नाही, म्हणून ते मी लिहीत नाही.’’

मी इतकी वर्षे मराठी शिकवते आहे, आणि गद्यलेखनाविषयी याहून स्पष्ट उपदेश मला माझ्या मुलांना देता आलेला नाही. जे पाहिले ते, ज्या वेळी पाहिले त्या वेळेसह, आणि जे पाहिले नाही ते गाळून लिहावे, ही शिस्त साहित्याच्या वर्गात आम्ही विशेषणांच्या मोहापायी हरवून बसतो. जिच्या अक्षरावर कोणाची भाकर अवलंबून आहे ती स्त्री मात्र रोजच्या रोज, थकलेल्या हाताने, ही शिस्त पाळत असते.

एका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. एखाद्या कामगाराची हकीकत, नाव न घेता, सांगाल का, असे एका मुलीने विचारले. सिस्टरांनी शांतपणे मान हलवली. नाव गाळले तरी खाते, यंत्र आणि महिना कळला की शेजारच्या माणसाला तो कोण हे कळते, आणि ज्याने दुखण्याच्या वेळी आपल्यापुढे रडून घेतले त्याची गोष्ट आपली मालमत्ता नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. सासूबाई त्यावर एवढेच म्हणाल्या, ‘‘घरात पण नाही सांगत ती. मी विचारायचं सोडून दिलं.’’

पुढे मजकूर तयार झाला तेव्हा अटीप्रमाणे तो त्यांच्याकडे पाठवला. मुलींनी आरंभी त्यांच्याविषयी देवदूत, त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू असे शब्द योजले होते. सिस्टरांनी त्या ओळींवर पेन्सिलीने हलकी रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते: ‘‘मी प्रशिक्षण घेतले आहे, ते लिहा.’’ पंधरा मिनिटांच्या जागी चुकून पाच मिनिटे झाले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. एका ठिकाणी खात्याचे नाव आले होते, ते खोडले. बाकी कोठेही हात लावला नव्हता. मुलींना प्रथम वाईट वाटले, कारण खोडलेल्या ओळींवर त्यांनी सर्वांत जास्त वेळ खर्चला होता. मग त्यांनी ते पान नव्याने लिहिले, आणि आरंभी तीन वर्षांचा अभ्यासक्रम, रुग्णालयातील अनुभव आणि कारखान्यातील नेमणूक यांची माहिती घातली. तो मजकूर मी वर्गात वाचून दाखवला तेव्हा तुटलेल्या बोटाच्या जागी आल्यावर पाठीमागच्या बाकावरून एका मुलाने तो क्रम पुन्हा सांगण्याची विनंती केली, आणि अनेकांनी तो वहीत उतरवून घेतला. त्यांपैकी काहींनी तो घरी, आणि घरच्यांनी कामाच्या जागी, सांगितला असे नंतर कानावर आले. एका वर्कशॉपमध्ये पेटीची किल्ली सुपरवायझरकडून काढून पेटीलाच दोरीने बांधण्यात आली, हे मला त्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका पालकांनी सांगितले.

आता मी हा घटक जूनमध्येच हाती घेते, कारण परवानगीचे अर्ज दप्तरातून बाहेर यायला पावसाळा जातो. यंदाच्या एका गटाने महापालिकेच्या दवाखान्यातील आरोग्यसेविका निवडल्या आहेत. लसीकरणाच्या दिवशी त्यांना बोलायला फुरसत नसते, आणि इतर दिवशी त्या सर्वेक्षणासाठी वस्त्यांतून हिंडत असतात. सोबत चालत असाल तर चालता चालता बोलेन, असा त्यांचा निरोप आला आहे. मुलांनी प्रश्न तयार केले आहेत. पहिला प्रश्न लशींच्या शीतपेटीतील बर्फाच्या पिशव्यांविषयी आहे, त्या सकाळी किती वाजता भरल्या आणि दुपारपर्यंत पेटी थंड आहे हे कसे पाहतात, असा. चालत लिहिता येणार नाही म्हणून एकाने विचारायचे आणि दोघांनी ऐकून थांब्यावर उतरवायचे, अशी वाटणी त्यांनी आपसांत केली आहे.